रिसेट मारूनही फोन पुन्हा हॅक होतोय? आधी सिम बाहेर काढा

कराडला आमचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा पॉइंट, ही रोजची कामं. पण लग्नसराई सुरू झाली की काउंटरवर एक वाक्य हमखास येतं: "रिसेट मारलाय ओ, तरी परत तेच चालू झालंय." रिसेट म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणं. दर वेळी तीच कथा सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

ज्या फोनमुळे लिहायला बसलो तो एका काकूंचा. घरच्या ग्रुपवर भाच्याच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली. फोटो नाही, पीडीएफ नाही. नावाच्या शेवटी टिंब देऊन 'एपीके' लिहिलेली फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप घालणारी. काकूंनी ती दाबली. 'अपडेट' असं बटण आलं, तेही दाबलं. मग फोननेच विचारलं की व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का. द्यायचं. मेसेज वाचू द्यायचे का? द्यायचे. एवढं करून पत्रिका काही उघडली नाही. नेट स्लो असेल म्हणून काकू पोळ्या लाटायला गेल्या. संध्याकाळी तीच पत्रिका त्यांच्या नंबरवरून भजनी मंडळाच्या आणि भिशीच्या ग्रुपवर जाऊन बसली होती.

पहिल्यांदा एका दुकानात रिसेट मारून घेतला. चार दिवसांत व्हॉट्सॲप आपोआप लॉग आउट. दुसऱ्यांदा मुलाने घरी रिसेट मारला. आठवड्याने जीमेलचा पासवर्ड चुकीचा दाखवायला लागलं. तिसऱ्यांदा फोन माझ्याकडे आला तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, जणू संसर्ग होईल.

मी फोन उघडलाच नाही. सिम काढलं, काउंटरखालच्या बटणांच्या साध्या फोनमध्ये घातलं आणि *#२१# लावलं. काही नाही, सरसकट कॉल फॉरवर्डिंग (सगळे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) बंद. मग *#६७# लावलं. स्क्रीनवर दहा आकडी नंबर आला. "काकू, हा नंबर कुणाचा?" त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "आमच्यात कुणाचाच नाही हो."

दोन रिसेट होऊनही तो नंबर तिथे कसा? कारण कॉल फॉरवर्डिंग फोनमध्ये साठवलेलंच नसतं. सिम कंपनीच्या नेटवर्कवर तुमच्या नंबरापुढे त्याची नोंद असते. हँडसेट भंगारात घाला, नवा आणा, तेच सिम टाका, फॉरवर्डिंग जसंच्या तसं. ६७ म्हणजे लाइन व्यस्त असताना कॉल दुसरीकडे वळवणं. काकूंना सवय, अनोळखी नंबर आला की कट करायचा. कॉल कट केला की नेटवर्क लाइन व्यस्त धरतं आणि तो कॉल पुढच्या नंबरवर सरकतो. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड एसएमएसऐवजी कॉल करूनही मागवता येतो. तो कॉल अनोळखी नंबरवरून येतो, काकू कट करतात, आणि पलीकडे बसलेला माणूस कोड निवांत ऐकून घेतो.

म्हणून सगळ्यांना सांगतो, रिसेट हे या कामातलं जवळजवळ शेवटचं पाऊल आहे. लोक सुरुवात तिथून करतात आणि तिथेच थांबतात. चोराने एव्हाना चार ठिकाणी पथारी पसरलेली असते: नेटवर्कवर, जीमेलमध्ये, व्हॉट्सॲपमध्ये आणि हँडसेटमध्ये. रिसेटने फक्त चौथी उचलली जाते.

खरंच हॅक झालाय का?

फोन गरम होतो, बॅटरी उतरते, जाहिराती येतात, एवढ्यावरून हॅक म्हणू नका. यातले बरेच फोन जुन्या बॅटरीचे किंवा कसल्यातरी फुकट क्लीनर ॲपचे बळी असतात. ते ॲप काढलं की विषय संपतो.

मला खरी शंका येते ती वेगळ्या गोष्टींनी. ओटीपीचा मेसेज आल्याची चाहूल लागते, पण इनबॉक्समध्ये काही दिसत नाही. तुम्ही न पाठवलेले मेसेज अनोळखी नंबरांना गेलेले असतात. 'या नंबरने दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं आहे' असं येतं. प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधली ॲप्स तपासणारी सोय) बंद सापडतं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे एखादं ॲप काढायला सेटिंग्जमध्ये जावं तर सेटिंग्ज आपोआप बंद होते, पुन्हा गेलं तर पुन्हा बंद. कुणीतरी आतून दार लोटतंय असं समजा.

पहिला अर्धा तास

नेट बंद करा. विमान मोड लावला तरी वाय-फाय चालू राहू शकतं, तेही बंद झालंय ना हे बघा. सिम काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घाला, साधा बटणांचा असेल तर उत्तम. आता ओटीपी त्या साध्या फोनवर येतील आणि चोराचं ॲप ते वाचू शकणार नाही. ही एवढीशी युक्ती लोकांना सुचत नाही. ते बाधित फोनवरच पासवर्ड बदलत बसतात, म्हणजे चोराच्या डोळ्यांदेखत नवी किल्ली घडवतात. ई-सिम असेल तर असं काढता येत नाही; मग कंपनीच्या गॅलरीत जाऊन साधं सिम घ्यावं लागतं. नवीन सिमवर सुरुवातीचे २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. हा नियम आपल्याच भल्यासाठी आहे, पण ते २४ तास हिशेबात धरा.

त्या साध्या फोनवर *#२१#, *#६७#, *#६१# आणि *#६२# लावून बघा. ६१ म्हणजे कॉल उचलला नाही तर, ६२ म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना. तिथे कधीकधी कंपनीचा स्वतःचा मिस्ड कॉल अलर्टचा नंबर दिसतो, तो बघून घाबरू नका. शंका आली तर ##००२# लावलं की सगळं फॉरवर्डिंग एकदम रद्द होतं. नंतर पुन्हा तपासून खात्री करा. कोडला नेटवर्क दाद देत नसेल तर कस्टमर केअरला 'माझ्या नंबरवरचं सगळं कॉल फॉरवर्डिंग काढा' असं स्पष्ट सांगा.

पैसे गेले असतील तर हे सगळं दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि तुम्ही आधी १९३० लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अशा उड्या मारत असतात आणि मधल्या एखाद्या बँकेत ते अडवायचे असतील तर वेळ फार थोडा असतो. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआय असेल तर १२ आकडी व्यवहार क्रमांक समोर ठेवा. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या. केंद्र सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. लाइन लागत नसेल तर तिथून सुरुवात करा, पण थांबू नका.

त्याच वेळी बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि डेबिट कार्ड तिन्ही बंद करून घ्या. फक्त 'कार्ड ब्लॉक करा' म्हणालात तर ते कार्डच करतील, बाकीची दारं उघडी राहतील. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती ते दिलंय. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसरीकडेच काही फुटलं असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर मर्यादित रक्कम तुमच्यावर. स्वतःच्या निष्काळजीपणाने माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे एपीके आपणच दाबली म्हणून लाजून गप्प बसण्यात दुहेरी तोटा. कधी कळवलं याचा लेखी पुरावा ठेवा, शाखेत गेलात तर अर्जावर शिक्का घ्या.

बँकेचा नंबर मात्र पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. सर्चमध्ये वर येणारा 'कस्टमर केअर' नंबर लावून दुसऱ्यांदा फसलेले लोकही मी काउंटरवर पाहिलेत.

आणखी एक. काहीही पुसण्याआधी फोटो काढून ठेवा, दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने. ती फाइल, ती कुठल्या नंबरवरून आली तो चॅट, वेळ, गेलेले एसएमएस, फॉरवर्डिंगचा नंबर. रिसेटनंतर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. काकूंचा पहिला पुरावा त्या पहिल्या रिसेटमध्येच धुतला गेला होता.

जीमेल: इथे वेळ घालवा

माझ्या अनुभवात दुसऱ्या-तिसऱ्यांदा हॅक होण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून या भागात घाई नको. लोक जीमेलला पत्रपेटी समजतात. अँड्रॉइड फोनमध्ये तो घराच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. क्रोममध्ये 'पासवर्ड सेव्ह करू का' ला हो म्हणालात ते सगळे पासवर्ड, फोटो, ड्राइव्हवरचा बॅकअप आणि कॉन्टॅक्ट त्यातच. आमच्याकडे आलेल्या एका फोनमध्ये 'एटीएम मामा' नावाचा कॉन्टॅक्ट होता. नंबर चारच आकडी. फोटोंमध्ये आधार, पॅन आणि डेबिट कार्डाच्या दोन्ही बाजू. चोराला आणखी काय हवं?

हे काम स्वच्छ कॉम्प्युटरवर किंवा घरच्या दुसऱ्या फोनवर करा. पासवर्ड बदला. मग गुगल अकाउंटच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' उघडा. पासवर्ड बदलला की बाकी सगळीकडून लॉग आउट होतं असा समज आहे. बहुतेक ठिकाणी होतंही, पण काही डिव्हाइस यातून सुटू शकतात. म्हणून यादी स्वतः वाचा आणि ओळखीचं नसेल ते एकेक करून बाहेर काढा. काकूंच्या यादीत त्यांच्या फोनशिवाय एक विंडोज कॉम्प्युटर होता. घरात कॉम्प्युटरच नाही.

रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल बघा. चोर आत शिरला की आधी स्वतःचा पत्ता तिथे टाकतो, म्हणजे तुम्ही पासवर्ड बदललात तरी 'पासवर्ड विसरलो' म्हणून तो परत येतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) सुरू करा आणि शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड बनवून देणारं) किंवा पासकी (बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने लॉगिन) ठेवा. बॅकअप कोड नव्याने काढा; ८ आकडी १० कोड मिळतात. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, ही गंमत मी रोज बघतो. 'ॲप पासवर्ड' (एखाद्या ॲपसाठी गुगलकडून काढलेले वेगळे पासवर्ड) असतील तर पुसा, आणि ज्या बाहेरच्या ॲप्सना अकाउंटचा प्रवेश दिलाय त्यातली अनोळखी काढून टाका.

आता सहसा कुणी बघत नाही ती जागा: जीमेलचे फिल्टर आणि मेल फॉरवर्डिंग. चोर असा नियम लावून ठेवू शकतो की बँकेकडून किंवा गुगलकडून आलेला प्रत्येक मेल थेट कचऱ्यात जावा, किंवा त्याची एक प्रत त्याच्या पत्त्यावर जावी. तुम्हाला सावधगिरीचा मेल दिसतच नाही आणि सगळं आलबेल वाटतं. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टरची ही यादी सापडत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडून सेटिंग्जमध्ये जावं लागतं. काकूंच्या जीमेलमध्ये एक फिल्टर निघाला. 'सिक्युरिटी अलर्ट' हे शब्द असलेला मेल वाचलेला म्हणून खूण करून पुसायचा, असा.

पासवर्डच बदललेला असेल तर गुगलचं अकाउंट रिकव्हरीचं पान वापरा. ते नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वाय-फायवरून आणि ज्या ब्राउझरवर आधी लॉगिन केलंय तिथून करा. गुगल याला वजन देतं. रिकव्हरी नंबर बदलला गेला असेल तरी पुढचे ७ दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय गुगल देऊ शकतं. म्हणून आठवडाभर 'बघू नंतर' करत बसू नका. आणि 'अकाउंट परत मिळवून देतो, दोन हजार द्या' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. गुगलमध्ये कुणाचा मेहुणा कामाला नसतो.

जीमेल हातात आलं की सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी काढा आणि महत्त्वाचे सगळे बदला.

व्हॉट्सॲप

सिम तुमच्याकडे आहे आणि फॉरवर्डिंग काढलंय, तर व्हॉट्सॲप परत घेणं सोपं आहे. स्वच्छ फोनवर ॲप घ्या, आपला नंबर टाका, एसएमएसने आलेला सहा आकडी कोड भरा. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. त्याने मुद्दाम चुकीचे कोड बरेचदा भरून ठेवले असतील तर काही तास थांबायला सांगतं. थांबा, सारखं दाबत बसू नका.

कधीकधी कोड भरल्यावर आणखी एक पिन मागितला जातो, जो तुम्ही कधी ठेवलाच नव्हता. तो चोराने लावलेला असतो. पिन माहीत नसेल तर ७ दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय आत जाता येतं. या ७ दिवसांत लोक हवालदिल होतात, पण एसएमएसचा कोड भरल्यामुळे चोरही तेव्हाच बाहेर गेलेला असतो. दरम्यान नातेवाइकांना साधा फोन करून सांगा की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे स्वतःचा टू-स्टेप पिन लावणं आणि त्याला ईमेल जोडणं. तो ईमेल अर्थातच वर स्वच्छ केलेला हवा. जीमेल आधी का, याचं हे एक कारण.

दुसरा प्रकार जास्त गुपचूप असतो. व्हॉट्सॲप तुमच्या फोनवर व्यवस्थित चालू असतं, पण 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये दुसऱ्याच कुणाचा कॉम्प्युटर जोडलेला असतो आणि तो सगळं वाचत असतो. क्यूआर स्कॅन करायला लावून किंवा आठ अक्षरी कोड टाकायला लावून हे जोडतात. यादी उघडा, अनोळखी असेल त्याला लॉग आउट करा. फेसबुक-इन्स्टाग्रामलाही अकाउंट्स सेंटरमध्ये 'कुठे लॉगिन आहात' ही यादी असते, तिथे हेच करायचं.

आता फोन

सिम बाहेरच ठेवून फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर बटणाचा मेनू आणून 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून धरलं की सेफ मोडचं विचारतं. या मोडमध्ये बाहेरून घातलेली ॲप्स झोपलेली असतात, त्यामुळे सेटिंग्ज आपोआप बंद व्हायचा खेळ थांबतो. मग तीन ठिकाणी बघा. एक, ॲक्सेसिबिलिटी: इथे अनोळखी ॲपला परवानगी असेल तर ते स्क्रीन वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. दोन, डिव्हाइस ॲडमिन ॲप्स: इथून काढल्याशिवाय ते ॲप अनइन्स्टॉल होत नाही. तीन, नोटिफिकेशन वाचायची परवानगी आणि डीफॉल्ट एसएमएस ॲप. चोरांची ॲप्स आयकॉन लपवतात किंवा 'सिस्टीम अपडेट', 'गुगल सर्व्हिस' अशी भारदस्त नावं घेतात. म्हणून होम स्क्रीनवर शोधू नका, सेटिंग्जमधली पूर्ण यादी बघा.

ॲप निघालं की लोक खूश होतात. मी तरीही रिसेट मारतो, कारण एका फाइलने आत आणखी काय उतरवलंय ते डोळ्यांना दिसत नाही. फक्त त्याआधी तीन गोष्टी.

गुगलचा पासवर्ड पाठ हवा, कारण रिसेटनंतर फोन जुनं गुगल अकाउंट मागू शकतो आणि ते नसेल तर फोन वीट होऊन बसतो. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर २४ तास थांबून रिसेट करा, गुगलच्याच सूचनेत तसं आहे. ते २४ तास फोन बंद करून कपाटात पडू दे. आणि मेमरी कार्ड काढून घ्या. साध्या रिसेटमध्ये कार्ड पुसलं जातंच असं नाही. काकूंच्या कार्डावर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ती पत्रिका सुखरूप बसली होती. मुलाने दुसऱ्यांदा रिसेट केल्यावर 'ही कसली फाइल' म्हणून त्यानेच ती पुन्हा उघडून बघितली होती. (हे त्याने मला तिसऱ्या चहाच्या वेळी सांगितलं.)

रिसेटनंतर फोन 'नवीन' म्हणून सेट करा. जुन्या बॅकअपमधून ॲप्स आणू नका. कॉन्टॅक्ट आणि फोटो गुगलवर बॅकअप असतील तर तिथून तसेही येतात. ॲप्स प्ले स्टोअरवरून एकेक करून घ्या. 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिघांचीही बंद आहे हे बघा, प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा, प्रलंबित अपडेट घ्या. मगच सिम आत.

आयफोनवाल्यांना यातलं एपीकेचं प्रकरण लागू नाही. त्यांनी ॲपल अकाउंटमधली डिव्हाइसची यादी आणि सेटिंग्जमध्ये कुणी लावलेला अनोळखी प्रोफाइल (बाहेरून घातलेला सेटिंग्जचा संच) आहे का ते बघावं. सिम, व्हॉट्सॲप आणि जीमेलचं वरचं सगळं त्यांनाही तसंच लागू.

बँकेकडे परत जाताना

बँकेचं ॲप, यूपीआयचं ॲप नव्याने घाला, एमपिन आणि यूपीआय पिन दोन्ही बदला. यूपीआय नोंदवताना तुमच्या फोनमधून एक एसएमएस जातो आणि त्यावरून नंबर फोनशी बांधला जातो. चोराचं ॲप तुमच्या फोनमधून एसएमएस पाठवू शकत असेल तर तो हीच बांधणी स्वतःच्या हँडसेटवर करू बघतो. त्यामुळे बँकेला विचारा की या नंबरवर आणखी कुठे यूपीआय किंवा मोबाइल बँकिंग नोंदलं गेलंय का. ऑटोपेची यादी उघडून अनोळखी मंजुऱ्या रद्द करा, नेट बँकिंगमध्ये कुणी नवीन लाभार्थी जोडलाय का बघा. कार्डाचा फोटो फोनमध्ये होता तर कार्ड बदलून घ्या.

आधारची प्रत बाहेर गेली असेल तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, अंगठ्यावर पैसे काढणं त्याने थांबतं. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. तुमचा नसलेला तिथेच कळवा. एक-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टही काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तुमच्या पॅनवर कुणी कर्ज उचललं असेल तर ते तिथे उमटतं.

ई-चलन, पीएम किसान, बँकेचं केवायसी, लाइट बिल, सगळ्यांच्या नावाने अशा फाइली फिरतात. चलन खरंच आहे का ते वाहतूक पोलिसांच्या वेबसाइटवर स्वतः गाडीचा नंबर टाकून बघा. आरटीओ तुम्हाला व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही.

काकूंचा फोन परत देताना मी साध्या फोनवर *#६७# पुन्हा लावून दाखवलं, काही नाही. व्हॉट्सॲपचा पिन आठव्या दिवशी लागला. मग त्यांच्याच फोनवरून घरचा ग्रुप उघडला, तर भाच्याच्या नावाने आलेली ती पत्रिका अजून तिथेच होती, खाली पाच-सहा जणांचे नमस्कार आणि फुलं. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याने टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. ॲडमिन म्हणजे काकूंचे थोरले दीर. त्यांना तिथूनच फोन लावला आणि फाइल काढायला लावली. बोलता बोलता कळलं की दिरांनी स्वतःही ती उघडली होती आणि त्यांचा फोन 'जरा हळू चालतोय'. उद्या दुकानात या म्हणालो, येताना सिम काढून खिशात ठेवा.